गोडबोल्याचा पिवळा चंबू

प्रयोगशाळेत सगळे त्याला गोडबोल्या म्हणत, अर्थात पाठीमागे. तोंडावर म्हटलं असतं तरी गडी खूश झाला असता. झाडूवालीला मावशी, शिपायाला दादा, कालच नोकरीला लागलेल्या पोरींना ताई. काम अडलं की साखर लावायची, काम झालं की हात धुवायचे. घरी मात्र साखरेचा डबा रिकामा. बायकोशी बोलताना हुं आणि हं, एवढाच शब्दसंग्रह.

त्याचं कामही त्याला शोभेसंच होतं. कांद्याच्या सालीत एक पिवळं द्रव्य असतं. औषधाला बरं, पण पाण्यात विरघळेल तर शपथ. गोडबोल्या एक बुरशी वाढवायचा. तिच्यातलं एन्झाइम त्या द्रव्याला साखरेचा कण जोडतं, आणि मग ते हट्टी द्रव्य मुकाट पाण्यात मिसळतं. बुरशीला साखरपाणी घालायचं, काचेचे चंबू यंत्रावर हलत ठेवायचे आणि वेळेत गाळून घ्यायचे. उशीर झाला, चंबूतली साखर संपली, की भुकेली बुरशी आपणच जोडलेला कण तोडून खाते. हे तिथल्या चंबू धुणाऱ्यालाही ठाऊक होतं.

विभागप्रमुख निवृत्त होणार होते. त्यांच्या खुर्चीवर दोघांचे डोळे: एक हा, दुसरी त्याच्याच टेबलाशेजारची चष्मेवाली. संचालकबाई सुट्टीनंतर दोघांचं काम बघून ठरवणार होत्या. गोडबोल्याने तर घरी खुर्चीची उशीसुद्धा आणून ठेवली होती. खुर्ची नाही, आधी उशी!

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी चंबू सोन्यासारखे पिवळे, नितळ. चष्मेवाली म्हणाली, उद्या मी येणारच आहे, तुमचेही चंबू गाळून थंडीत ठेवू का? निदान थोडी साखर तरी घालू? याने मनात हिशेब केला. हिचा हात लागला की हिचंही नाव लागणार! शिवाय चालत्या यंत्रावरून चंबू उचलून, बाईंसमोर त्याच्या तोंडाचा कापसाचा बोळा काढायचा, हा नाटकाचा अंक त्याने मनात बसवून ठेवला होता. गाळलेलं पाणी बाटलीतून दाखवण्यात काय मजा? स्वतः येऊन गाळावं, तर सासुरवाडीला मिरवायला जायचं होतं. तो मधाळ हसून म्हणाला, "ताई, तुम्ही कशाला त्रास घेता? माझी बुरशी माझ्यासारखीच आहे. शब्दाला जागते."

ती आपल्या टेबलाकडे वळली. अशा माणसाला दुसऱ्यांदा सांगण्याइतका वेळ शहाण्या बाईकडे नसतो.

सासुरवाडीला त्याने सासऱ्यांना आपल्या भावी खुर्चीचं वर्णन हातवाऱ्यांसह ऐकवलं. मेहुण्याने विचारलं, दाजी, खुर्ची फिरती आहे का? तर हा गंभीरपणे म्हणाला, अर्थात.

सुट्टी संपली. बाई आल्या, मागे अर्धा मजला गोळा झाला. गोडबोल्याने यंत्र थांबवलं, चंबू उजेडात धरला आणि त्याचं हसू जागीच गोठलं. वर पांढुरकं पाणी, तळाला पिवळा गाळ, जणू कुणी हळद टाकून विसरलं. दुसरा चंबू तसाच. तिसराही. तरी जीभ थांबेना. बाई, हा मुद्दामच घेतलेला प्रयोग आहे, उलटी क्रिया कशी होते हे तुम्हाला दाखवायचं होतं, वगैरे. बाईंनी त्याला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, "बुरशी उपाशी होती, तुम्ही पाहुणचारात होतात. एवढंच दिसतंय." आणि शेजारच्या टेबलाकडे वळल्या. तिथे चष्मेवालीच्या बाटल्या रांगेत उभ्या होत्या. त्यात सांगण्यासारखं काहीच नव्हतं. काम वेळेवर झालेलं होतं.

खुर्ची तिला मिळाली. गोडबोल्याने सर्वांत आधी हात जोडून अभिनंदन केलं, आणि त्या हातांना तेवढंच काम होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तेव्हा झाडूवाली फरशी पुसत होती. इतकी वर्षं जिला मावशी, मावशी करून आपला डबा घासून घेतला, तिच्यावर तो खेकसला, "ए, बाजूला हो. ओल्यात पाय घसरला असता माझा."

तिने फडकं पिळलं. चंबूची गोष्ट सगळ्या मजल्याने ऐकली होती, तिनेही. शेजारच्या शिपायाला ती म्हणाली, "बघ, ह्याचीही साखर संपली."

आणि त्या दिवसापासून त्याचा डबा तोच घासतो.