बाथरूमसाठी वेगळी लाइन

बाबांच्या उजव्या पावलावरचा भाजल्याचा फोड मला दिसला, तेव्हा त्यांना स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता. अर्धांगवायूचा झटका येऊन सात महिने झाले होते. उजवी बाजू थोडीफार हलायला लागली होती, पण तिला गरम-गार कळत नव्हतं. डाव्या हाताने गिझरचा नळ सोडला, गार पाण्याचा राहिला आणि कढत पाणी थेट पायावर गेलं.

त्या दिवसापासून मी त्यांना अंघोळ घालू लागले. संरक्षण खात्याच्या कारखान्यात जन्मभर फोरमन असलेला माणूस लेकीसमोर स्टुलावर डोळे मिटून बसायचा. मीही भिंतीकडे बघत राहायचे.

विजेचा शॉवर सुचवला बाबांकडून व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाईंनी. पाणी वाहता वाहताच तापतं आणि एकदा ठरवून दिलं की त्यापेक्षा जास्त गरम होत नाही. मी उत्साहाने मागवून टाकला. बसवायला आली ती चेन्नईतल्या आमच्या अंबत्तूरमधलीच एक इलेक्ट्रिशियन. आधी ओरगडमच्या मोटार कारखान्यात होती, आता घरांची कामं घ्यायची. तिने मीटरची पेटी उघडली आणि शॉवरचा खोका तसाच बाजूला ठेवला.

"अक्का, हा एकटा सात किलोवॅट खातो," ती तमिळमध्ये म्हणाली. "थ्री फेजचं मोठं कनेक्शन घ्यावं लागेल. बाथरूमला वेगळी, जाड वायर. आणि आतली जुनी वायरिंग सगळी काढायला हवी. कुणी केली होती?"

"मी केली," दारातून बाबा म्हणाले.

घर बांधलं तेव्हा सुट्टीच्या दिवशी शिडीवर चढून त्यांनी एकट्याने ती केली होती. आई खालून पक्कड द्यायची.

ती एक बटणांची पाटी उघडून टॉर्चच्या उजेडात नीट बघून म्हणाली, "सार, एकही जोड सैल नाही. पण तेव्हा घरात काय काय होतं?"

"चार दिवे. तीन पंखे."

"आणि आता?"

बाबा वळून खोलीत निघून गेले. त्यांचं मन दुखावलं, आता हा विषय संपला, असंच मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन गेले, तर ते टेबलाशी बसलेले. डाव्या हाताने, वेड्यावाकड्या रेघांनी, त्यांनी घराचा नकाशा काढला होता. कुठली वायर कोणत्या भिंतीतून गेली आहे, सगळं त्यात होतं. "हा तिला दे," ते म्हणाले. "उगाच भिंती फोडत बसेल. आणि सांग, आधी अर्थिंग. आपला जुना खड्डा कोरडा पडला असणार."

वीज कार्यालयात मी अर्ज दिला, माणूस येऊन पाहून गेला, काही आठवड्यांनी नवं मीटर लागलं. मग घरभर प्लास्टरची धूळ झाली. बाबा अंगणात खुर्ची टाकून बसले आणि अर्थिंगसाठी, म्हणजे गळणारी वीज जमिनीत जिरवायला, नवा खड्डा खणून घेतला. कोळसा किती, मीठ किती, यावरून त्यांचा आणि इलेक्ट्रिशियनचा चांगलाच वाद झाला. झटक्यानंतर इतक्या मोठ्या आवाजात बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकत होते.

काम झाल्यावर तिने नव्या पेटीतला एक स्विच दाखवला. वीज जराही कुठे गळली, तर तो स्वतःच खटका पाडतो. "तपासायचं बटण तुम्हीच दाबा, सार."

बाबांनी दाबलं. खटकन आवाज झाला आणि शॉवरचा दिवा विझला. त्यांनी तो पुन्हा चालू केला, पुन्हा दाबलं. तीनदा. मग मान डोलावली.

त्याच संध्याकाळी ते टॉवेल खांद्यावर टाकून, भिंतीला धरत बाथरूमपाशी गेले. मी मागोमाग निघाले, तर म्हणाले, "तू बाहेर थांब. कडी लावत नाही."

दार लोटलं गेलं. पाण्याचा आवाज सुरू झाला. दहा मिनिटं, वीस मिनिटं. माझा जीव टांगणीला लागलेला. शेवटी हाक मारली, "बाबा, बरे आहात ना?"

"अगं, अंघोळ करू देशील की नाही!"

मी तिथेच पायरीवर बसले. आत साबणाची वडी पडल्याचा आवाज आला, मग त्यांचं पुटपुटणं, मग पुन्हा पाणी. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले. सदऱ्याची बटणं वरखाली लागली होती, डाव्या कानामागे फेस तसाच होता आणि चेहरा ताजातवाना.

"उद्या ते स्टूल जरा पुढे सरकव," ते म्हणाले. "पाठीवर पाणी नीट येत नाही."