एक शर्ट नेहमी मागे राहायचा

वन्सं शहरात एकट्या बसून जेवतात आणि मग जुन्या कबरस्तानात फिरतात, यावरून झालेलं भांडण मी नवी सून असताना दाराआडून ऐकलं.

"ताई, कारखान्याचा माणूस आता दारात येऊन गठ्ठा नेणार आहे. मग तू कशाला जायचं?" आमचे हे म्हणाले.

"मला जायचंय."

"कुठं? मेलेल्यांकडे?"

"जिवंतांच्या घरी जन्मभर पाणी भरतेय रे. एक दिवस मेलेल्यांकडे जाऊ दे."

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न झालं नव्हतं. सासूबाईंचं अर्धं अंग लुळं पडलेलं, त्या कायम खाटेवर. वन्सं खाटेजवळच्या खिडकीत बसून कारखान्याच्या शर्टांना काजं करायच्या, बटणं लावायच्या. घास तोंडात गेला की खाटेवरून हाक यायचीच. कूस बदल, पाणी दे, माशी हाकल. जेवण कसलं, पहाराच तो. महिन्यातून एकदा गठ्ठा पोचवायला जायच्या, तेवढाच उंबरठा ओलांडायचा. त्या दिवशी खाटेपाशी मी.

परत आल्या की चपला काढायच्या आत सासूबाई विचारायच्या, "काय खाल्लंस?"

मग वन्सं रंगवून सांगायच्या. गल्लीतल्या खानावळीत कढईतून थेट ताटात आलेला मासा, वरून पिळलेलं लिंबू, बोटं चाटली तरी बघायला कुणी नाही. मग कबरस्तान. शेवाळलेल्या भिंती, नाक झिजलेले दगडी देवदूत, आणि एक जहाजाचा कप्तान, दोन्ही बायकांच्या मधोमध झोपलेला.

"भांडत नाहीत?" सासूबाई विचारायच्या.

"छे गं. एवढी माणसं, पण एक जण पाणी मागत नाही."

आणि मायलेकी दोघी खो खो हसायच्या.

तर त्या भांडणानंतर माणूस दारात यायला लागला. पण कारखान्याचा एक नियम होता. गठ्ठ्यातला एखादा शर्ट अपुरा निघाला, तर तो जिचा तिनं पुरा करून स्वतः नेऊन द्यायचा. वन्संनी तो नियम बरोबर हेरला. दर महिन्याला एक शर्ट मागे राहायला लागला. कधी काज अर्धं, कधी बाहीचं बटण नाही. तेवढा एक शर्ट कागदात गुंडाळून बाई चालल्या शहरात!

ह्यांच्या ध्यानात यायला वर्ष लागलं. मग एका संध्याकाळी हे मास्तरांसारखे बसले आणि एकेक शर्ट उलटापालटा करून तपासला. सगळे पुरे. गठ्ठा स्वतः बांधला आणि उंदीर लागू नये म्हणून सासूबाईंच्या उशाशी ठेवला. "आता बघतो कसा मागे राहतो ते."

वन्सं ताट तसंच सरकवून खिडकीबाहेर बघत बसल्या. बाहेर बघण्यासारखं काय, तर शेजाऱ्यांची भिंत.

सकाळी माणसानं गठ्ठा सोडला. वरच्याच शर्टाचं गळ्याचं बटण गायब.

"मी लावलं होतं," वन्सं म्हणाल्या. चेहरा पांढराफटक. खोटं बोलत नव्हत्या हो.

ह्यांनी खाटेकडे पाहिलं. सासूबाई आढ्याकडे बघत होत्या. चालता हात घट्ट मिटलेला.

"आई, मूठ उघड."

"हात दुखतोय."

"आई!"

"अरे, मला कोण नेणार आहे मासा खायला? ती जाऊन येते, तेव्हा कुठं माझ्या तोंडाला चव येते. जाऊ दे तिला."

आईच्या मुठीशी भांडणार कोण? हे पाय आपटत कामावर गेले. त्यानंतर दर महिन्याला एक बटण हरवायचं आणि घरात कुणी ते शोधायचं नाही.

अशी वर्षं गेली. वन्संचे केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले, खाट होती तिथंच. एका थंडीत वन्सं झोपेतच गेल्या. त्याच्या आठवडाभर आधी शहरात जाऊन आल्या होत्या, ती फेरी शेवटची ठरली, नाहीतर तिच्यात वेगळं काही नव्हतं. शर्ट दिला. वाटाण्याचं घट्ट सूप प्यायल्या, पावाच्या तुकड्यानं वाडगा पुसून घेतला. मग एका जुन्या पाववाल्याच्या कबरीपाशी बसल्या. दगडावर पाव कोरलेला, त्यावर मुंग्यांची रांग.

"बिचाऱ्या फसल्या," त्यांनी घरी येऊन सांगितलं.

"बसून खाल्लंस ना?" सासूबाईंनी विचारलं.

"बसून. सावकाश."

मग त्यांनी आईची कूस बदलली, दिवा जवळ ओढला आणि सुईत दोरा ओवला.