शिशाची पलटण

माझे वडील शिंपी होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, गाव त्यांना मास्टर म्हणायचं. जालन्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन होतं आणि त्या मशीनवर ते फक्त वर्दी शिवायचे. निजामाच्या फौजेतले आणि पोलिसातले अंमलदार दारात टांगा उभा करून मापं द्यायला येत. खांद्यावरची पट्टी किती बोटं, कॉलर मानेला कुठं टेकली पाहिजे, पितळी बटणाचं काज कसं घ्यायचं, हे सगळं त्यांच्या बोटांत होतं. बायांची पोलकी, मुलांच्या चड्ड्या असलं काही कुणी आणलं तर ते हात जोडून दुसऱ्या दुकानाचा पत्ता सांगत.

पोलीस ॲक्शन झाली आणि ते काम एका महिन्यात संपलं. जुने साहेब गेले. नव्या साहेबांचे कपडे बाहेरून शिवून येत. मी तेव्हा आठ वर्षांची होते. मला आठवतं ते एवढंच, की मशीनचा आवाज बंद झाला आणि घर मोठं वाटायला लागलं.

जाणाऱ्यांमध्ये एक कप्तानसाहेब होते. आप्पांनी त्यांच्या लग्नाची शेरवानीसुद्धा शिवली होती. ते घर आवरून हैदराबादकडं निघाले, पुढं कुठं जाणार हे त्यांनाही नक्की माहीत नसावं. जायच्या आदल्या दुपारी ते स्वतः एक लाकडी पेटी घेऊन आले. आत शिशाचे सैनिक होते. लाल कोट, पांढरे पट्टे, काळ्या उंच टोप्या. काही घोड्यावरचे, एक ढोल वाजवणारा. सगळे मिळून अडतीस. त्यांच्या मुलाचे होते. मुलगा त्याआधीच टायफॉइडनं गेला होता.

"मास्टर, ये कहाँ लेके फिरूँ?" ते म्हणाले. "आप रखो. आप वर्दी समझते."

आप्पांनी पेटी दोन्ही हातांनी घेतली. चहा घ्या म्हणाले, पण साहेब थांबले नाहीत.

भिंतीत काचेची दारं असलेलं एक कपाट होतं. त्यात पूर्वी कापडाचे तागे आणि बटणांचे डबे असत. ते आता रिकामंच होतं. आप्पांनी त्याला चार फळ्या मारल्या, वर निळं अस्तर चढवलं आणि सैनिक मांडले. खाली घोडेस्वार, मधे बंदूकवाले, वर निशाणवाला. ढोलवाला सगळ्यांच्या पुढं. दोन फळ्यांमध्ये किती अंतर हवं यावर त्यांनी आठवडा घालवला. आई चुलीपासून बघायची.

"ते भाकरी देणार हायेत का?" ती एकदा म्हणाली.

"मांडून तर होऊ दे," आप्पा म्हणाले.

लोक बघायला यायला लागले. महालक्ष्म्यांच्या दिवसांत तर आप्पांनी सैनिक कपाटातून काढून देवीपुढच्या पायऱ्यांवर मांडले आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायका देवी सोडून तेच बघत बसल्या. आप्पा दाराशी उभं राहून सांगायचे, हा पट्टा असा का, ही बटणं दुहेरी का. त्या वेळी त्यांचा आवाज पूर्वीसारखा व्हायचा. पाहुणे गेले की ते पुन्हा खुर्चीत बसायचे, मशीनकडं पाठ करून. मग हळूहळू आईनंच मशीन धरलं. ती उशांचे अभ्रे आणि परकर शिवायची. आप्पांना ते बघवायचं नाही.

जुने सैनिक होते, त्यांचा रंग जागोजागी उडाला होता. आप्पांनी ठरवलं, वर्दी नीट करायची. दुकानातून सफेदा आणला, शेंदूर आणला, जवसाच्या तेलात कालवला. चाकूच्या टोकानं जुना रंग खरवडायचा आणि बारीक कुंचल्यानं नवा द्यायचा. एका सैनिकाला तीन तीन दिवस लागत. खरवडलेले कपचे चटईवर पडत आणि त्या चटईवर माझी धाकटी बहीण खेळत असायची.

ती तेव्हा तीनेक वर्षांची होती. आई मशीनवर, मी शाळेत, म्हणून दिवसभर ती आप्पांजवळ. ती रडायला लागली की आप्पा तिच्या हातात ढोलवाला द्यायचे. ती लगेच गप्प व्हायची. तो तिच्या तोंडातच असायचा.

"आप्पा, गोड लागतंय," ती एकदा म्हणाली.

आप्पा हसले. "गोडच हाय तो. वाजव त्याचा ढोल."

मी तिथंच पाटीवर गणितं करत होते. मीही हसले.

पुढच्या वर्षी तिचं पोट दुखायला लागलं. दुपारी दुपारी गुडघे पोटाशी घेऊन ती कळवळायची. जंत म्हणून वैद्यांनी पुड्या दिल्या. आईनं नजर काढली, एरंडेल पाजलं. पोरगी पांढरी पडत गेली. हिरड्यांच्या कडेला निळसर रेघ दिसायची. शेजारची बाई म्हणाली, "जांभळं खाल्ली का गं हिनं?" जांभळांचे दिवसच नव्हते. आई तिला घेऊन राजूरच्या गणपतीला जाऊन आली. तिकडून आल्यावर चार दिवस बरे गेले, मग ती चालताना पडायला लागली. बोललेलं विसरायची, उगाच चिडायची, मला चावायची. आणि सारखी ढोलवाला मागायची. आजारी लेकराला नाही कोण म्हणणार? आम्ही द्यायचो.

शेवटी झटके आले. आप्पांनी तिला उचलून दवाखान्यात नेलं, ढोलवाला तिच्या मुठीत तसाच होता. डॉक्टरांनी मेंदूज्वर म्हणून सांगितलं, आणि त्यांनाही त्याहून जास्त काही कळलं असेल असं मला वाटत नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती गेली. पाचवं लागलं होतं.

त्यानंतर त्या कपाटाचं सगळं उलटं झालं. आप्पांनी रंगाचा कुंचला पुन्हा हातात धरला नाही. आईनं मात्र कपाट आपल्याकडं घेतलं. जी बाई भाकरीचं विचारायची, ती आता दर शुक्रवारी काचा पुसायची, एकेक सैनिक काढून फडक्यानं झाडायची आणि ढोलवाल्यापुढं फूल ठेवायची. धाकटीचा फोटो नव्हता. कपडे वाटून टाकले होते. तेवढंच राहिलं होतं. कुणी आलं की आई कपाटासमोर नेऊन दाखवायची, "हा तिचा. ह्याच्याबिगर झोपायची न्हाई." आप्पा तेव्हा मान हलवायचे, समजुतीनं.

मॅट्रिक झाल्यावर मी औरंगाबादला नर्सिंग शिकायला गेले. दुसऱ्या वर्षी वॉर्डात छापखान्यातला एक कामगार आला. आयुष्यभर छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवलेले. मनगटं लुळी पडली होती आणि पोटात कळा यायच्या. डॉक्टरांनी त्याचा ओठ खाली ओढला आणि आम्हा मुलींना म्हणाले, "ही रेघ बघा. शिसं अंगात भिनलं की येते." मग ते बरंच काही सांगत गेले. लहान मुलांत हे लवकर चढतं, मेंदूवर जातं. रंगात शिसं असतं, सफेदा म्हणजे शिसंच, शेंदूर म्हणजेही शिसंच. "मुलं चाटतात," ते म्हणाले, "कारण ते गोड लागतं."

मी ट्रे खाली ठेवला. बाकीच्या मुली लिहून घेत होत्या.

सुट्टीत घरी गेले तेव्हा काहीच बोलायचं नाही असं ठरवून गेले होते. दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी आई बाजारात गेली होती आणि आप्पा खुर्चीत बसून कपाटाकडं बघत होते. ते म्हणाले, "एवढं शिकून राह्यलीस, मंग सांग बरं, काय झाल्तं आपल्या पोरीला?"

त्यांना खरंच विचारायचं होतं. सात वर्षं त्यांनी कुणालाच विचारलं नव्हतं. मी सांगितलं. हळू सांगितलं, पण सगळं सांगितलं. रंगाचं, कपच्यांचं, ढोलवाल्याचं.

ते म्हणाले, "ती म्हणाली होती मला. गोड लागतंय म्हणून."

"तुम्हाला काय माहीत होतं, आप्पा? कुणालाच माहीत नव्हतं."

"मीच दिल्ता ना तिच्या हातात."

मला त्या वेळी खोटं बोलता आलं असतं. अजूनही वाटतं, बोलायला हवं होतं.

"आईला सांगू नको," ते म्हणाले. "बिलकुल सांगू नको. तिच्याकडं तेवढंच हाय."

म्हणून कपाट तसंच राहिलं. काढून टाकावं तर आई कारण विचारणार. आप्पांची खुर्ची तिथंच होती, दुसरी खोली नव्हती. ते रोज त्या अडतीस जणांसमोर जेवायचे. त्यांनी माझ्याजवळ तो विषय पुन्हा काढला नाही. दर सुट्टीला ते थोडे आणखी वाकलेले दिसायचे.

साठ साली श्रावणात मी दोन दिवसांसाठी घरी आले होते. शेजारी नवं बिऱ्हाड आलं होतं, त्यांची तीन वर्षांची मुलगी आमच्याकडं खेळायला आली. आईला मुलं घरात आली की फार बरं वाटायचं. तिनं कपाट उघडलं, ढोलवाला काढला आणि त्या मुलीच्या हातात दिला.

"घे बाई. माझ्या पोरीचा हाय. खेळ."

मुलीनं तो तोंडाकडं नेला.

आप्पा कधी मोठ्यानं बोलत नसत. त्या दिवशी ते ओरडले. खुर्चीतून उठले, मुलीच्या हातातून ढोलवाला हिसकावला आणि तिला बखोटीला धरून मोरीवर नेलं. ते तिचे हात धुवायला लागले. साबण लावून, पुन्हा पाणी ओतून, पुन्हा साबण. मुलगी किंचाळत होती. तिची आई धावत आली, तिनं मुलीला उचललं आणि आमच्याकडं असं बघितलं की पुन्हा त्या घरातलं कुणी आमच्या दारात आलं नाही.

आई कपाटाशी उभी होती. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

"खेळण्याला हात लागला म्हणून लेकराला असं करता?" ती म्हणाली. "माझी पोर गेली तेव्हाबी पहिलं तिच्या मुठीतून तो काढून घेतलात तुम्ही. मी बघितलं. पोरीच्या अंगाला हात लावायच्या आधी तो काढला. मी बोलले न्हाई तवा."

आप्पांच्या हातावर साबणाचा फेस तसाच होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी सांगून टाकू शकत होते. एका वाक्याचं काम होतं, आणि ते वाक्य आईला ऐकवायचं की नाही हे मला ठरवता आलं नाही. मी खाली बघितलं.

"माझी चूक झाली," आप्पा आईला म्हणाले.

त्यांनी ढोलवाला धुऊन, पुसून, जागेवर ठेवला आणि दुपारी बाजारातून कुलूप आणून कपाटाला लावलं. किल्ली आपल्या करदोट्याला बांधली. आईनं बघितलं आणि ती आत गेली. त्यानंतर ती त्यांना वेळेवर वाढायची, कपडे धुवायची, पण आपणहून बोलायची नाही. शुक्रवारी काचेबाहेर जमिनीवर फूल ठेवायची.

कुलूप लावलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा मला स्टँडवर सोडायला आले. पिशवी त्यांनीच धरली होती. गाडी लागल्यावर त्यांनी ती खिडकीतून आत दिली.

"जागा मिळाली का?"

"मिळाली," मी म्हटलं.

गाडी निघेपर्यंत आम्ही दोघंही कंडक्टरकडं बघत राहिलो.