तीन वेळा चिकटलेल्या पेशी

आमच्या धुळ्याच्या कॉलेजात मी प्रयोगशाळा सहायक आहे, आणि तिथल्या एक मॅडम औषधाचे रेणू घडवतात. पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात, तिथून सांध्यात शिरतात आणि सूज वाढवतात. "त्यांना चिकटूच द्यायचं नाही," हे मॅडम इतक्या रागाने सांगतात, की पेशींशी त्यांचं जुनं भांडण असावं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजताना त्या पुटपुटत असतात. मध्येच कोणी बोललं, की पुन्हा पहिल्यापासून मोजतात.

यंदा एक रेणू जमला असं वाटलं. नऊ वेळा पेशी भिंतीवरून निसटल्या, तीन वेळा मात्र घट्ट चिकटून राहिल्या. पाहणीला समिती येणार होती. विभागप्रमुख सर म्हणाले, "ते तीन प्रयोग दाखवू नका. मशीन बिघडलं होतं म्हणा." पेशी भिंतीवरून वाहवणारं ते मशीन माझ्या ताब्यात होतं आणि ते बिघडलेलं नव्हतं. तरी मी मान डोलावली.

मॅडमनी समितीसमोर आधी तेच तीन प्रयोग दाखवले. सर हळूच "मशीन..." म्हणाले, तशा त्या थेट आपल्या शिरपूरकडच्या बोलीवर आल्या. "मशीन चांगलं शे, सर. हाई बठ्ठं खरं शे." म्हणजे, हे सगळं खरं आहे.

पुढच्या टप्प्याला मंजुरी मिळाली नाही. सर त्यांच्याशी बोलेनासे झाले, आणि मला मॅडमकडे बघवेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर तो रेणू काढला, त्याची एक बाजू पुसली आणि मला म्हणाल्या, "भाऊ, बदलायचं तर हे बदलू. आकडे नाही."