आण्णा आणि नळाचा दाब

उभ्या कोल्हापुरात सरळ रेषेवर इतका जीव लावणारा माणूस आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आण्णांखेरीज दुसरा झाला नसेल. नदीचं पाणी पाइपातून माळावरच्या उसापर्यंत चढवायचं तर वाटेत त्याचा दाब किती घटेल, हा हिशोब मांडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि निवृत्तीनंतरही हिशोबानं त्यांची पाठ सोडली नाही. पाइप लांबला की दाब घटतो, आतून गंजला की घटतो, आणि वळला तर आण्णांच्या कपाळाची शीरच उठायची. मुरगूडला एका लग्नात ते भरल्या पंगतीतून उठले आणि आचाऱ्याच्या पाण्याच्या नळीची वेटोळी सोडवायला लागले. "पावणं, जितकी वळणं घालशीला तितका दाब मरतोय की!" आचारी म्हणाला, "मरंना का, आमटी जगली म्हंजे झालं!" नळी सरळ झाली, दाब वाढला आणि आमटी पातळ झाली. वऱ्हाडी मंडळी ती आमटी अजून विसरलेली नाहीत.

नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीत पाण्याची बोंब असे. सकाळी पाणी सुटलं की आण्णा दाब मोजायचं गेज घेऊन घरोघर हजर. नळाला गेज लावायचं, काटा बघायचा, चुकचुकायचं. "पाइप निम्म्या व्यासाचा घातला की नुकसान दुप्पट न्हाय हुईत वैनी, तीसएक पट हुतंय!" आई चहा गाळत म्हणायची, "आण्णा, पाणी आलं म्हणून तुमी येताय का तुमी आला म्हणून पाणी येतंय, कळंना झालंय!" मग पाणी जाईपर्यंत आण्णा बसत. काकू वारल्यापासून त्यांच्या घरात बोलायला कुणी नव्हतं. गल्लीला हे ठाऊक होतं, पण कुणी बोलून दाखवत नसे.

पुढं दोन हजार सालानंतर मोठी लाइन पडली. नळ असे सुटले की बादली जाग्यावर ठरेना. गल्लीत पेढे वाटले गेले. आण्णांनीही एक खाल्ला, "आता तपासायचं काय ऱ्हायलं?" म्हणाले आणि गेज खिशात घालून घरी गेले. ते पुन्हा कुणाकडे आले नाहीत. त्यांच्या दारावरून जाताना नुसता रेडिओ ऐकू यायचा. मला फार वाईट वाटायचं.

शेवटी एका सकाळी मी परड्यातला कॉक थोडा आवळला आणि त्यांना हाक मारली, "आण्णा, आमच्याकडं दाब पडलाय!" चप्पल धड पायात न घालताच ते आले. गेज लावलं, पाइपावरून हात फिरवत परड्यात गेले आणि अर्धवट बंद कॉकपाशी थांबले. कॉककडे बघितलं, मग माझ्याकडे. मी नजर चुकवली. कॉक उघडायला पुढं केलेला हात त्यांनी हळूच मागं घेतला.

"अवघड हाय," ते म्हणाले. "एका दिवसात न्हाय सापडायचं. उद्या परत बगाय लागंल." आणि घराकडे तोंड करून ओरडले, "वैनी, चहा टाका!"

त्यानंतर कित्येक वर्षं ते रोज सकाळी आमचा दाब बघायला येत राहिले, आणि तो कधीच सुधारला नाही. आण्णा आता नाहीत. परड्यातला कॉक मात्र आम्ही अजून पुरता उघडलेला नाही.