पाळकमामांचे पिवळे तांदूळ

माझ्या मामांच्या घरात मोबाइलला प्रवेश नव्हता. फाटकाजवळच्या कडुनिंबाला मामांनी एक लाकडी पेटी ठोकली होती, तिच्यावर पत्र्याचं इवलंसं छप्पर होतं, आणि फोनचा मुक्काम त्या पेटीत. घंटी वाजली की मामांनी उठायचं, चपला शोधायच्या, अंगण ओलांडायचं, आणि तोवर ती थांबलेली असायची. मग परत येऊन ते समाधानाने म्हणत, "गरज असेल तर पुन्हा करतील."

मामा पाळक. माळव्यात लोहारद्याजवळच्या एका खेड्यात चौदा ख्रिस्ती कुटुंबांची त्यांची मंडळी होती. मी त्यांची देवासला राहणारी भाची, आणि सुट्टी लागली की माझा मुक्काम तिथेच. फोनच्या पेटीचं मूळ मात्र अमेरिकेत होतं. मामा-मामी दोन वर्षं तिथल्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये सेवेला होते आणि शेजारी आमिश लोकांची वस्ती होती. तेही ख्रिस्तीच, पण जुन्या वळणाचे. घरात वीज नाही, दारात मोटार नाही, हिंडायचं घोडागाडीतून, आणि फोन ठेवलाच तर घराबाहेर, खोपटात. मामा तिकडे गेले उपदेश करायला आणि परतले ते आमिशांचे भक्त होऊन. त्यांचं दर दुसरं वाक्य "आमच्या आमिश शेजाऱ्यांकडे..." असं सुरू व्हायचं. मामी पोळी लाटता लाटता म्हणायची, "मग तिकडेच राहायचं होतं!"

घोडागाडीचाही प्रयोग झाला. मंडळीतल्या घरांना भेटी द्यायला मामांनी सोनकच्छहून एक घोडी आणली. स्वस्तात का मिळाली, ते त्यांनी विचारलं नाही. ती जन्मभर वरातीत चाललेली होती. एकदा मामा एका आजारी म्हातारीसाठी प्रार्थना करायला निघाले, वाटेत कुठल्याशा वरातीचा बँड लागला, आणि घोडी गाडीसकट तिकडे वळली. मामा हातात पवित्र शास्त्र घेऊन मुलीच्या मांडवापर्यंत पोचले. तिथल्या लोकांनी त्यांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. महिन्याभरात घोडी परत गेली आणि सायकल परत आली.

पेटी मात्र टिकली, कारण ती गावाला फार सोयीची होती. समोर किसनजींची पिठाची चक्की. फोन वाजला की ते पिठाच्या हातांनीच उचलायचे, "पादरी साब प्रार्थना में हैं, मेरे को बोलो." त्यामुळे माझं लग्न ठरल्याचं मामांच्या आधी चक्कीवर दळायला आलेल्या बायकांना कळलं. मामा रागावले नाहीत. म्हणाले, "बघ, फोन घरात असता तर आनंद एवढ्या जणांना झाला असता का?"

एका उन्हाळ्यात वावटळीने चर्चचं छप्पर उडवलं. पत्रे दूर शेतात जाऊन पडले. उपासना निंबाखाली सुरू झाली. पावसाळाभर ती मामांच्या पडवीत दाटीवाटीने झाली, आणि मग वरच्या कार्यालयाचं पत्र आलं: नाताळपर्यंत छप्पर झालं नाही, तर ही मंडळी देवासच्या मंडळीत सामील करावी आणि पाळकांनीही तिकडे यावं. मामांनी पत्र घडी घालून शास्त्रात ठेवलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. बावीस वर्षं त्या गावात काढली होती त्यांनी. इथून उठणं त्यांना नको होतं, अगदी नको होतं.

पण उपाय तयार होता, आणि तो कुठला हे सांगायला नकोच. आमिशांकडे कुणाचं कोठार पडलं की सगळी वस्ती सकाळी जमते आणि दिवस मावळायच्या आत नवं उभं करते. कुणी कुणाच्या घरी बोलवायला जात नाही, उपासनेनंतर नुसतं सांगतात. मामांनीही तसंच केलं. गव्हाची पेरणी उरकल्यावरचा शनिवार ठरवला, रविवारी जाहीर केलं, चक्कीवर कागद चिकटवला: 'सर्व गावाने यावे.' बांबू, पत्रे, दोर मांडून ठेवले. मामीने पन्नास माणसांची डाळ शिजवली.

शनिवारी मंडळीतले नऊ जण आले. त्यांतले चार सत्तरीच्या पुढचे. मला धरून दहा. गाव समोरून जात होतं, रामराम करत होतं, थांबत कुणीच नव्हतं. दुपारी मामा बांबूंच्या राशीवर बसले आणि एवढंच म्हणाले, "मला वाटत होतं, मी इथलाच आहे."

संध्याकाळी मामी तडक चक्कीवर गेली. मी मागोमाग. किसनजी तिच्याइतकेच दुखावलेले दिसले. "भाभीजी, पीले चावल तो किसी घर आए नी. बिना न्योते के कैसे आते? हमने समझी, आपके समाज का ही काम है."

हे माळव्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. हळदीत घोळवलेले चार दाणे घरी जाऊन हातावर ठेवले, की ते खरं बोलावणं. कागद वाचून येतो तो उपरा. मामीने घरी येऊन परातभर तांदूळ काढले आणि हळद कालवायला घेतली. मामा चपापले.

"अगं, पाळकाच्या घरून अक्षता? मंडळी काय म्हणेल?"

"अक्षता नाहीत, आमंत्रण आहे. काना गावच्या लग्नाला येशूलासुद्धा आमंत्रण होतं. शास्त्रात लिहिलंय."

तीस वर्षं उपदेश करणाऱ्या मामांनी बाह्या सरसावल्या आणि परातीत हात घातला. पुढचे तीन दिवस दोघं दारोदार हिंडले. मामांची बोटं पिवळी झाली होती आणि प्रत्येक दारात ते थोडे लाजत होते.

पुढच्या शनिवारी सूर्य वर यायच्या आत अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रत्येकाला स्वतंत्र मत होतं, पहिला पत्रा दोनदा उलटा बसला, चहा सहा वेळा झाला. किसनजी वरून ओरडत होते, "भिया, उधर नी, इधर पकड़ो!" दिवस मावळला तेव्हा छप्पर झालेलं होतं. थोडं डावीकडे कलतं, पण झालेलं. मामा खाली उभे राहून रडले आणि वर म्हणाले, डोळ्यांत भुसा गेला.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाचा गाजावाजा नको म्हणून जायचा दिवस त्यांनी कुणालाच सांगितला नाही. पण टेम्पोवाल्याने वेळ विचारायला फोन केला, तो अर्थातच पेटीत वाजला आणि किसनजींनी उचलला. सकाळी फाटक उघडलं तर सगळं गाव उभं. एकेक जण पुढे येऊन मामांच्या हातावर चार-चार पिवळे दाणे ठेवू लागला. ओंजळ भरली तसा मामीने पदर पसरला.

"किस बात का न्योता है, किसनजी?" मामांनी विचारलं.

"आने का. तारीख आप रख लेना."

आता ते देवासला मुलीच्या फ्लॅटमध्ये राहतात. ती लाकडी पेटी गॅलरीत टांगली आहे, फोन मात्र मामांच्या खिशात असतो आणि पेटीत पिवळे तांदूळ. महिन्यातून दोनदा ते लोहारद्याची बस धरतात. कुठे निघालात विचारलं, तर म्हणतात, "बोलावणं आहे." त्यांचं दर दुसरं वाक्य आता "आमच्या गावाकडे..." असं सुरू होतं. मामी पोळ्या लाटत ऐकते. मग तिकडेच राहायचं होतं, असं मात्र ती आता म्हणत नाही.