खुब्याची सोनोग्राफी

"म्याडम, पोरीले तिथी बसवू नका. लोक पाह्यतात."

रंजनाच्या आईने माझा हात घट्ट धरला होता. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाकड्यावर सगळ्या गरोदर बायका, आणि त्यांच्यात एकोणीस वर्षांची, नुकतंच साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालेली रंजना. मी वैतागले. "अहो बाई, खुबा तपासतोय, पोट नाही!"

मी गडचिरोलीत फिजिओथेरपिस्ट आहे. रंजनाला सिकलसेल. त्यात रक्तपेशी वाकड्या होतात, बारीक नसा तुंबतात. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा खुब्यात फिरतो. त्याचा रक्तपुरवठा तुटला की तो चेपत जातो. रंजनाचा खुबा दुखत होता, पण एक्स-रे साफ होता. एमआरआयसाठी नागपूरला जायला घरचे तयार नव्हते. म्हणून सोनोग्राफी. गर्भलिंग तपासणीच्या कायद्यामुळे मशीन त्या खोलीतून हलत नाही, आणि अंगावर फिरवायचा प्रोब रेडिओलॉजिस्टच धरतात. मी फक्त पाय फिरवून देते.

"सांध्यात पाणी आहे," सर म्हणाले. "पण गोळ्याचा दिसतोय तेवढा काठ गोल आहे."

मला हायसं वाटलं. वेळेत आली होती पोरगी! कुबड्या दिल्या. पायावर भार द्यायचा नाही, चिखलात तर उतरायचंच नाही, असं बजावलं.

पण बाहेर नवऱ्या मुलाच्या गावची एक बाई बसलेली होती. काही दिवसांत तिकडून निरोप आला, पोरगी सोनोग्राफीले काऊन गेली होती?

आईने फोन केला. मी म्हटलं, "नंबर द्या, मी सांगते खरं काय ते."

"काय सांगता? सिकल हाये म्हणून? मंग तं सोयरीक मोडलीच न!"

मी म्हटलं, "निदान कुबड्या तरी सोडू नका."

"कुबड्या पाह्यल्या तं लंगडी म्हनतीन, म्याडम."

भाताची रोवणी लागली. पोरीच्या पोटात काही नाही हे दाखवायला आईने तिला सगळ्या गावादेखत धानाच्या बांधीत उतरवलं. दिवसभर वाकून, चिखलातून पाय उपसत. होणाऱ्या सासूला मुद्दाम बोलावलं होतं. सासूची पोटाची शंका फिटली. पण तिने लंगडता पाय पाहिला, आणि सोयरीक मोडली.

दिवाळीनंतर रंजना आली ती आईच्या खांद्याला लटकत. आता साध्या एक्स-रेतच दिसत होतं. गोळा चेपला होता.

"म्याडम, आता गोल नाई होत काय?" रंजनाने विचारलं.

"नाही गं."

आई भिंतीकडे तोंड करून रडत होती. मलाही रडू आलं, आणि संतापही. काढायचा कुणावर?

आता आम्ही सांध्यांची सोनोग्राफी दुपारी ठेवतो, गरोदर बायका घरी गेल्यावर. पद्धत चांगली आहे. रंजनाला तिचा काही उपयोग नाही.